काँक्रीट पंपाला माल पातळच लागतो का? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बांधकामवाले इकडे या)

अनगोळकर
आमच्या गल्लीच्या टोकाला मोठ्या अपार्टमेंटचं काम चाललंय. तळघर आणि वर नऊ मजले. रस्त्याकडेला पंप उभा करून लोखंडी पाईप लिफ्टच्या डक्टमधनं वर नेलाय. खाली ट्रान्झिट मिक्सर (फिरत्या ड्रमची काँक्रीटची गाडी) रिकामा होतो आणि वर स्लॅबवर माल पडतो. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खडी, वाळू, सिमेंट असला जड माल एवढा वर चढतो कसा, आणि वाटेत बसत कसा नाही? दुसरं माझ्या कामाचं. आमचे मेस्त्री ठामपणे सांगतात की पंपाला माल पातळ करावाच लागतो, म्हणून पंपाचा स्लॅब कच्चा. मला दिवाळीनंतर वरच्या मजल्याचा १२०० चौरस फुटांचा स्लॅब घालायचाय. पंप लावू, की नेहमीसारखं मिक्सर, लिफ्ट आणि बुट्ट्या?

उद्यमबागवाला
पहिल्याचं उत्तर मी देतो, दुसरं सिव्हिलवाल्यांनी बघावं. माझं काम हायड्रॉलिक सिलिंडरचं. पंप दुरुस्तीला येतात, तेवढाच संबंध.

मिक्सर ज्या हौदात माल ओततो तो होपर. त्याच्या मागे दोन जाड सिलिंडर शेजारी-शेजारी आडवे बसवलेले असतात आणि प्रत्येकाच्या मागे एक तेलाचा सिलिंडर. एक पिस्टन मागे सरकतो तेव्हा होपरमधला माल ओढून घेतो. त्याच वेळी दुसरा पुढे येऊन आपल्यातला माल लाईनमध्ये ढकलतो. मग अदलाबदल. खरी करामत व्हॉल्व्हची. होपरच्या आत इंग्रजी एस अक्षरासारखा वाकडा पाईप असतो. त्याचं एक तोंड कायम बाहेरच्या लाईनला, दुसरं ह्या सिलिंडरवरनं त्या सिलिंडरवर झुलत राहतं. ढकलणाऱ्याच्या समोर एस पाईप, ओढणाऱ्याचं तोंड होपरमध्ये उघडं. ही झेप डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला लागते, नाहीतर वर चढलेला माल मागे यायला लागेल. म्हणून ॲक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजनच्या दाबाखाली तेल भरून ठेवलेलं असतं, स्ट्रोक संपला की ते एकदम सुटतं. रस्त्यानं जाताना ठराविक वेळानं जो दणका ऐकू येतो तो त्याचा.

उंचीचं म्हणाल तर काँक्रीट उभं धरून ठेवायलाच दर मीटरला साधारण पाव बार दाब लागतो. तुमची इमारत ३० मीटर धरली तर साडेसात बार नुसत्या वजनाचे. पाईपाच्या आतलं घासणं, बेंड, आडवी लाईन हे वेगळं. साधा ट्रेलर पंपसुद्धा (गाडीमागे ओढून आणायचा) मालावर ७० बारच्या आसपास दाब देतो, त्यामुळं नऊ मजले त्याला जड नाहीत.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. तेलाचा आणि काँक्रीटचा सिलिंडर ह्यांच्या मध्ये पाण्याची पेटी असते. पंप भाड्यानं घेताना इंजिन बंद करायला लावा आणि पेटीचं झाकण उघडून बघा. पाणी राखाडी होऊन तळाला सिमेंट बसलं असेल तर पिस्टनचं रबर संपलंय. वर तेलाचा तवंग असेल तर मागच्या सिलिंडरचं सील गेलंय. मीटरवरच्या तासांपेक्षा ही पेटी जास्त बोलते.

गोवावेस_राजू
एवढ्या धाग्यात विक्रम कुणीच सांगितले नाहीत? दुबईच्या बुर्ज खलिफाला २००८ साली ६०६ मीटरपर्यंत पंप केलं. पुढच्याच वर्षी, २००९ साली, आपल्या हिमाचलात पार्वती जलविद्युत प्रकल्पावर ७१५ मीटर उंची गाठली. आणि बुर्जवरचा पंप ज्या जर्मन कंपनीचा, त्या पुत्झमायस्टरचा भारतातला कारखाना इथनं किती लांब? घाट उतरून गोव्यात, वेर्ण्याला.

उद्यमबागवाला
राजू, ६०६ मीटरला वरचाच हिशोब लावून बघ. नुसत्या वजनाचे दीडशे बार. म्हणून तिथं खास जास्त दाबाचं मशीन आणि जाड भिंतीचे पाईप लागले. अनगोळला त्याचं काय काम?

मेस्त्री_येळ्ळूर
काय ओ साहेब, मशीनचं सगळं पुस्तकातल्यागत सांगूलालाय. साईटवर येऊन बगा. गाडी आली की पयला पाण्याचा पाईप ड्रममदी जातोय. डायवर म्हणतोय माल घट्ट झालाय, पंपवाला म्हणतोय लाईन जाम हुईल, आन विंजनेर सावलीत फोनवर. दोष पंपाचा असंल नसंल, खरं माल पातळ हुतोयच की. आमची हयात स्लॅब घालण्यात गेली. बुट्टीचा माल कसा, टाकला की बसतोय, पळत न्हाई.

सायली_पी
मेस्त्री, तुम्ही बघितलेलं खोटं नाही. पण पाणी घालण्याचं कारण पंप नव्हे. मी कॉलेजात काँक्रीट टेक्नॉलॉजी शिकवते, तरी पुस्तकी वाटलं तर इथंच टोका.

पाईपात माल नदीच्या पाण्यासारखा वाहत नाही. मधला गाभा अख्खाच्या अख्खा पुढे सरकतो आणि पाईपाच्या भिंतीला सिमेंट-वाळूच्या बारीक लगद्याचा पातळ थर राहतो. गाभा त्या थरावरनं घसरतो. थर आहे तोवर पंप चालतो, तो तुटला की खडी लोखंडाला घासते आणि लाईन अडते. म्हणजे पंपाला लागतो तो बारीक लगदा, नुसतं पाणी नव्हे. चकल्या केल्या असतील त्यांना कळेल. भाजणी जाड दळलेली असली तर पाणी कितीही घाला, सोऱ्या अडतोच.

म्हणून पंपाच्या मिक्समध्ये खडी थोडी कमी आणि वाळूचा भाग जास्त ठेवतात. भारतीय मानक आयएस १०२६२ मध्ये पंपासाठी खडी १० टक्क्यांपर्यंत कमी करायची मुभाच आहे. वाळूतला १५ ते ३० टक्के भाग ३०० मायक्रॉनच्या चाळणीतनं गेला तर लगदा पुरेसा होतो. आपल्याकडे नदीची वाळू जवळपास गेलीच, सगळं एम-सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर. धुताना त्यातली बारीक पूड जास्त निघून गेली की वाळू दिसायला छान, पण पंपाला वाईट. फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची राख) घातली की फरक लगेच कळतो, तिचे कण गोल असतात. प्रवाहीपणा हवा तो रसायनानं आणायचा, सुपरप्लास्टिसायझरनं. स्लंप म्हणजे शंकूच्या साच्यात भरलेला माल साचा काढल्यावर जेवढा खाली बसतो तो. तो १२० मिलिमीटर असूनही पाणी-सिमेंटचं प्रमाण कमी असू शकतं. डोळ्याला पातळ दिसणारा माल कच्चाच असतो असं नाही आणि घट्ट दिसणारा पक्का असतो असंही नाही.

मेस्त्री_येळ्ळूर
ताई, चकलीचं पटलं. खरं रसायनानं पातळ का पाण्यानं पातळ, हे आमी डोळ्यानं कसं वळखायचं?

सायली_पी
डोळ्यानं अवघड आहे. गाडीचं चलन मागा. त्यावर ग्रेड, स्लंप आणि बॅच भरल्याची वेळ असते. साईटवर स्लंपचा शंकू ठेवा आणि गाडी रिकामी करायच्या आधी बघा. चलनावर १२० आणि शंकूवर माल पार खाली बसला, कडेनं नुसतं पाणी सुटलं, तर कुणीतरी पाईप लावलाय. आणि प्रत्येक गाडीचे नसले तरी काही गाड्यांचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) भरून ठेवा, सहा इंची साच्यात. २८ दिवसांनी भांडायला हातात काहीतरी पाहिजे.

खानापूर_साईट
उशिरा आलो. मी पुलांच्या कामावर असतो, सध्या खानापूर भागात. पाण्यानं पंप सोपा चालतो हा समज किती उलटा आहे ते सांगतो.

उन्हाळ्यातली दुपार, पिअर कॅपचं (पुलाच्या खांबाच्या डोक्याचं) काम. लाईन लांब, मध्ये दोन बेंड. एका गाडीत ड्रायव्हरनं वाटेत पाणी मारलेलं. होपरमध्ये माल पडतानाच खडी एकीकडे आणि रस एकीकडे दिसत होता. थोड्या वेळात इंजिनाचा आवाज बदलला, दाबाचा काटा चढायला लागला, पाईप स्ट्रोकगणिक उड्या मारायला लागले आणि वर होजमधनं नुसता राखाडी रस ठिबकायला लागला. ऑपरेटर हुशार होता. काटा चढताना बघून त्यानं जोर वाढवला नाही, लगेच रिव्हर्स घेतलं. रिव्हर्समध्ये एस पाईपची वेळ उलटी होते आणि पंप लाईनमधला माल होपरमध्ये परत ओढतो. पुढं-मागं करून सुटेना, तेव्हा पुन्हा रिव्हर्स मारून दाब उतरवला आणि हातोडी घेऊन लाईन ठोकत निघालो. चालू पाईपाचा आवाज वेगळा, गच्च बसलेल्याचा बद्द. दुसऱ्या बेंडच्या पुढचा क्लॅम्प उघडला तर आत हातभर लांब खडीची गुडदी. ओलावा नाही, लगदा नाही, कोरडी खडी एकमेकींत रुतून बसलेली. सब्बलीनं काढावी लागली.

आता ती तिथंच का बसली? बेंडच्या क्लॅम्पमधली रबर रिंग अर्धी फाटलेली. तिथनं दाबानं रस बाहेर गळत होता, खाली जमिनीवर ओला डागही होता. माल आधीच पाणचट. दाबाखाली पाणी आणि रस खडीच्या फटीतनं पुढं पळतात, वाट मिळेल तिथनं बाहेर पडतात आणि मागे दगड उरतात. नीट मिक्स असतं तर लगद्यानं पाणी धरून ठेवलं असतं. चांगल्या मिक्सचा घट्ट माल जोर जास्त मागतो, पण जातो. पाणचट माल आधी सुरसुर जातो आणि मग बेंडात बसतो.

मेस्त्री_येळ्ळूर
हे बाकी खरं. होजमधनं रस ठिबकताना आमी पण बगितलाय. आमाला वाटायचं अजून पाणी पायजे.

निपाणीकर
खानापूर_साईट, मग ड्रायव्हर पाणी मारतात का? त्यांना काय हौस?

खानापूर_साईट
वेळ. आयएस ४९२६ प्रमाणे बॅच भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, रिटार्डर (माल आवळायला उशीर लावणारं रसायन) घातला असेल तर जास्त चालतं. प्लांट एकीकडे, साईट दुसरीकडे, मध्ये रेल्वे गेट आणि शनिवारचा बाजार. त्यात साईटवर आधीच्या दोन गाड्या रांगेत. ड्रमात माल घट्ट व्हायला लागला की ड्रायव्हरला गाडी परत पाठवतील ही भीती. आमच्याकडे ड्रायव्हरला पाण्याला हात लावायची परवानगी नाही. माल घट्ट वाटला तर प्लांटचा माणूस रसायनाचा ठरलेला डोस घालतो, ड्रम काही मिनिटं जोरात फिरवतो आणि स्लंप परत घेतो. लहान साईटवर हा माणूस नसतो, मेस्त्रींची सगळी तक्रार तिथनं येते.

दुपारच्या उन्हात पाईपावर ओली गोणपाटं टाका, लोखंड इतकं तापतं की आतला लगदा भिंतीलाच आवळतो.

निपाणीकर
माझा मुद्दा वेगळा. बूम पंपाबद्दल कुणी बोललं नाही. गाडीवरचा घडीचा हात उघडतो तो. आमच्याकडे काळी माती. वरनं कोरडी, पाय ठेवला तर टणक, आत लोणी. बूम पूर्ण आडवा पसरला की सगळा भार एका बाजूच्या दोन पायांवर येतो, आणि त्या पायाखाली नुसती छोटी प्लेट असेल तर ती मातीत शिरते. खाली लाकडी स्लीपर किंवा जाड पत्रे पसरून भार पसरवायचाच. खोदलेल्या पायाच्या कडेला पाय लावायचा नाही, कड ढासळते. भरावाच्या जमिनीवर तर नकोच. खानापूरच्या जांभ्यावर गाडी उभी करणाऱ्याला हे सुचत नाही, आणि तो चिकोडीकडं आला की फसतो.

दुसरं म्हणजे वरची तार. बूम तारेला टेकावाच लागतो असं नाही, मोठ्या दाबाची वीज हवेतनंही उडी मारते. हेस्कॉमला (वीज कंपनीला) अर्ज देऊन तेवढा वेळ लाईन बंद करून घ्या. रिमोट हातात धरलेला माणूस खाली जमिनीवर उभा असतो, पहिला झटका त्याला.

बस्तवाडचा_दिनू
आमच्या साईटवर ऑपरेटर बिहारचा, साहेब धारवाडचे, गवंडी आमचे, होज धरणारे कुठले कुठले. वरनं कुणी "बस" ओरडतं, कुणी "साकु" (कन्नडमध्ये पुरे), खाली कुणाला काय ऐकू येतं कुणास ठाऊक. शेवटी वरच्या एकाच माणसाच्या हातात शिट्टी दिली आणि हाताच्या खुणा ठरवल्या. मूठ वर म्हणजे थांब. ओरडायला बाकीच्या सगळ्यांना बंदी.

खानापूर_साईट
हे छान केलंत. होज धरणाऱ्यांचं अजून एक. लाईन अडून सुटते तेव्हा आत हवा कोंडलेली असते. ती बाहेर पडताना रबरी होज सापासारखा फटका मारतो आणि माणूस स्लॅबवरनं खाली जातो. पंप पुन्हा सुरू करताना होजच्या टप्प्यात कुणीही उभं राहायचं नाही, माल सरळ यायला लागला की मगच हात लावायचा. दाब उतरवल्याशिवाय क्लॅम्प उघडायचा नाही. आणि लाईन साफ करताना कॉम्प्रेसरच्या हवेनं स्पंजचा गोळा मारणार असतील तर समोरच्या तोंडाला जाळीची टोपली हवीच. पाण्यानं ढकलता येत असेल तर पाण्यानंच ढकला. वेळ लागतो, लागू दे.

गोवावेस_राजू
एक शंका. हायवेच्या काँक्रीट रोडला पंप का दिसत नाही? टिप्परनं माल आणून ओततात.

सायली_पी
तिथं पेव्हर मशीन माल दाबून आकार देतं आणि मागची कड लगेच स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी. त्यासाठी माल मुद्दाम घट्ट ठेवतात, तो पंपातनं जाणार नाही. तिथं उंचीही नाही. पंप पुलाच्या पिअरला, वरच्या डेकला, इमारतीच्या राफ्टला (सलग पायाच्या स्लॅबला). राफ्टला तर दुसरा पंप राखीव उभा ठेवतात. मध्येच एक बंद पडला आणि आधीचा थर आवळला तर कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या थरांतला न चिकटलेला सांधा) पडतो, आणि तिथनं पाणी झिरपायला लागतं.

मेस्त्री_येळ्ळूर
सगळ्यांनी मालाचं सांगितलं, सेंट्रिंगचं कुणी बोलंना. बुट्टीनं माल हळू येतोय, पसरत पसरत. पंपानं एका जागी धबाधबा पडतोय. होजवाला दमला की एकाच ठिकाणी ढीग करतोय. तेवढ्या वजनानं बल्ली सरकते, प्लेट बसते. पंप लावणार असाल तर टेकू जवळ जवळ लावा, तळाला फळी घाला, कैच्या मारा, आन एक माणूस सेंट्रिंगच्या खाली बाजूला उभा करा, नुसता बगायला. कॉलम पण एका दमात भरू नका, शटरिंग फुगतंय.

खानापूर_साईट
मेस्त्रींना शंभर टक्के दुजोरा. होज स्लॅबच्या जवळ खाली धरायचा आणि सतत सरकवत राहायचा. आयएस ४५६ प्रमाणे काँक्रीट दीड मीटरच्या वर उंचीवरनं सोडायचं नाही. कॉलमचा वरनं सोडलेला माल सळ्यांवर आपटून वेगळा होतो, खाली खडीचं घरटं तयार होतं.

उद्यमबागवाला
अनगोळकर, गल्ली किती रुंद आहे? बूमला पाय पसरायला जागा लागते.

अनगोळकर
एक टेम्पो जेमतेम जातो. वर केबल आणि विजेच्या तारा आहेतच. मिक्सरची गाडी कोपऱ्यापर्यंत येईल, तिथनं घर ४० मीटरवर.

उद्यमबागवाला
मग बूम विसरा. कोपऱ्यावर छोटा ट्रेलर पंप लावायचा आणि १२५ मिलिमीटरची लाईन टाकायची. बेंड जितके कमी तितकं बरं. उभी लाईन जिथं सुरू होते तिथला बेंड जमिनीत पक्का बांधून घ्या, प्रत्येक स्ट्रोकला सगळा धक्का त्याच्यावर येतो. जुने पाईप आले तर हातानं फिरवून बघा, खालची बाजू आधी झिजते. पातळ झालेला पाईप गल्लीत फुटला तर शेजाऱ्यांची भिंत रंगेल.

अनगोळकर
आणि परवडेल का? मेस्त्री म्हणतात पंपवाले कमीत कमी इतक्या मालाचे पैसे घेतातच.

खानापूर_साईट
घेतात. १२०० चौरस फूट, पाच इंच जाडी म्हणजे नुसत्या स्लॅबचा माल १४ घनमीटरच्या थोडा वर. बीम धरून १८ ते २० समजा. ६ घनमीटरच्या गाड्या धरल्या तर तीन-चार. आधी त्यांची किमान मर्यादा विचारा आणि बुट्टीच्या मजुरीशी तुलना करा. शेजारचं कुणी त्याच दिवशी कोबा किंवा स्लॅब घालणार असेल तर पंप वाटून घ्या. गाड्यांमधलं अंतर ठरवून मागवा. सगळ्या एकदम आल्या तर शेवटचीला दोन तास कोपऱ्यावरच होतील आणि पाण्याचा पाईप परत निघेल.

मेस्त्री_येळ्ळूर
पंप लावा, माझी ना न्हाई. स्लंपचा डबा मात्र पायजे, आन पाण्याची टाकी साईटवर आमच्या ताब्यात. व्हायब्रेटर दोन ठेवा, एक बंद पडतोयच. सुरवातीची स्लरी बीममदी पडू देऊ नका.

सायली_पी
हो, हे महत्त्वाचं. पाईपाला आतनं थर द्यायला आधी सिमेंटची स्लरी सोडतात. ती घमेल्यात घेऊन बाहेर टाका. त्यात खडी नसते, बीमच्या कोपऱ्यात गेली तर तेवढी जागा कमजोर. आणि पाणी मारणं दहा दिवस तरी, सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असणार.

अनगोळकर
सगळ्यांचे आभार. शेवटची शंका. काम संपल्यावर लाईनमध्ये माल उरतो, त्याचे पैसे कुणाचे?

खानापूर_साईट
तुमचे. १२५ मिलिमीटरच्या लाईनमध्ये १०० मीटरला सव्वा घनमीटर माल बसतो. तुमची ४० मीटर आडवी आणि वरची धरून ५० झाली तर साधारण ०.६. शेवटच्या गाडीची ऑर्डर देताना तेवढा माल हिशोबात धरा, आणि कंपाउंडचा पाया, पायऱ्या, पाण्याच्या टाकीचा तळ असं काहीतरी शटरिंग करून तयार ठेवा. तीन मीटरच्या एका पाईपात नव्वद किलोच्या आसपास माल असतो. गटारीत ओतला तर महानगरपालिकेचे लोक येतील, त्याआधी शेजारी येतील.